साहेबाचं मामेकूळ

छावणीजवळच्या त्या घरात मला खोली मिळाली ती माझ्या मामामुळं. मामा तिथं कधी आला नाही, त्यानं कुणाला फोन केला नाही, ते घर कुठल्या गल्लीत आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं. मी सोयगावची. ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायला शहरात आलेले, आणि सकाळपासून दारोदार ‘एकटी लेडीज नको’ हे ऐकून ऐकून डोकं तापलेलं. त्यात या घरमालकांनी ना नोकरी विचारली, ना पगार. चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "मामा कुठले?"

मी म्हटलं, मामा राहायला येणार नाही, मीच राहणार आहे. यावर माणूस चिडायला हवा. हे उलट खूश झाले. ‘तोंडाळ आहे, सोयगावकडचीच असणार,’ असं आत बायकोला ओरडून सांगितलं. मी मामाचं गाव सांगायचा अवकाश, माझ्या मामाच्या सासऱ्याचा पाय कुठल्या बैलानं मोडला होता ते दारातच सांगायला लागले. मला स्वतःला ते ठाऊक नव्हतं. रात्री आईला फोन करून विचारलं तर खरं निघालं.

पाटबंधारे खात्यातून ते निवृत्त झालेले. पण नोकरी हा त्यांचा जोडधंदाच होता म्हणा ना. खरं काम सोयरिकी. पैठणपासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत कुणाची लेक कुणाकडं दिली, कुणाचं कुणाशी का मोडलं, सगळं तोंडपाठ. घरात सदान् कदा कुणीतरी पोराचा नाहीतर पोरीचा फोटो घेऊन बसलेलं असायचं. काका फोटो बघायचेच नाहीत. मी त्यांना काका म्हणायचे. ते फोटो उलटा ठेवून विचारायचे, मामा कुठले? एकदा दाताच्या डॉक्टरनं तोंडात नळी घातलेली असताना त्यांनी ‘आआ ऊऊ’ असं काहीतरी विचारलं. डॉक्टर लातूरकडचा, पण त्यालाही बरोबर कळलं, आणि त्यानं मामाचं गाव सांगून टाकलं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: खाण तशी माती. रिक्षावाला मागं विसरलेली पिशवी परत द्यायला आला की खाण तशी माती. शेजाऱ्यानं कचरा आमच्या दारात लोटला तरी खाण तशी माती. माणूस चांगला निघाला तर त्याचं कूळ चांगलं, वाईट निघाला तर कुठंतरी कुळात पाणी मुरलेलं. मी वाद घालायचे. ते ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "मॅडम, तुमी लई हुशार. तुमचे मामा बी असंच भांडायचे."

आता साहेबाचं सांगते.

काका रोज सकाळी छावणीत फिरायला जायचे, अत्तरवाल्या चाचांबरोबर. चाचांचं शहागंजात अत्तराचं दुकान, ते आता मुलगा बघायचा. दोघांची नोकरीच्या आधीपासूनची दोस्ती. छावणीतल्या जुन्या इंग्रजी कब्रस्तानात चाचा गुडघे दुखतात म्हणून कट्ट्यावर बसायचे आणि काका आपले थडग्यांवरची नावं एकेक अक्षर जुळवत वाचत हिंडायचे. मेलेल्यांशीसुद्धा ओळख काढायची हौस, दुसरं काय. तिथं त्यांना साहेब सापडला. दोनशे वर्षांपूर्वी मेलेला एक इंग्रज. दगडावर त्याचं नाव होतं, हुद्दा होता, तिकडच्या गावाचं नाव होतं, तापानं गेल्याचं लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती, की त्याच्या हाताखालच्या शिपायांनी पदरचं घालून हा दगड बसवला.

त्या ओळीनं काका विरघळले. एवढ्या लांबच्या मुलखात येऊन परक्या शिपायांना आपलंसं केलं, म्हणजे माणूस काय असेल! आणि माणूस असा, म्हणजे कूळ काय असेल! पण दगड खालपासून वरपर्यंत धुंडाळला तरी बापाचं नाव सापडेना. पहिलं नाव आहे, आडनाव आहे, मधलं कुठाय? घरी येऊन जेवण गोड लागेना त्यांना. मी म्हटलं, त्यांच्यात मधे बापाचं नाव लावत नाहीत. तर म्हणाले, "लावत नसतील. पण बाप तर आसंल ना? परमुलखात मेला आन दगडावर बाप नाय, मामा नाय. बेवारशावानी पडलाय."

तेव्हापासून साहेब आमच्या घरचा झाला. काका दर रविवारी पाण्याची बाटली, खराटा आणि नारळाची शेंडी घेऊन त्याचा दगड घासायला जायचे. ब्रश लावायचा नाही, ॲसिड तर नाहीच. पाणी मारायचं आणि शेंडीनं अक्षराच्या अंगाअंगानं हळूहळू घासायचं, म्हणजे शेवाळ निघतं आणि अक्षर दुखावत नाही. अक्षर दुखावतं हा शब्द त्यांचाच. फाटकातून आत शिरताना रोज विचारायचे, ‘काय साहेब, एकटेच का?’ कट्ट्यावरनं चाचांचं ठरलेलं उत्तर यायचं, की अकेला नहीं तो क्या बारात लेके लेटेगा?

माझं काम इंग्रजीचं. साहेबाच्या गावच्या चर्चला मी ई-मेल लिहिला, आणि चक्क उत्तर आलं. एक म्हातारी बाई, पूर्वीची शाळामास्तरीण, गावातली जुनी थडगी आणि जुनी दप्तरं हौसेनं सांभाळणारी. काकांनी तिचं नाव आक्का ठेवलं. तिला पहिल्याच पत्रात काय विचारावं? गावचं ग्रामदैवत कोणतं, नदी कुठल्या अंगाला, आणि साहेबाचा मामा कोण. आक्कानं कळवलं, आमच्या चर्चला एका संताचं नाव आहे, त्याची वर्षातून एकदा जत्रा भरते. काका हरखले. ‘बघा, आहे का नाय!’ पण तिनं शेवटी भाबडेपणानं विचारलं होतं, की तुम्हाला मामा कशासाठी हवा? काका माझ्याकडं बघतच राहिले. मामा कशासाठी, असं विचारणारं माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटलं होतं.

मग हे सुरूच झालं. क्रिकेट लागलं की काका इंग्लंडच्या बाजूनं. कुणी बाद झाला की ‘गेला, आपल्या साहेबाकडचा होता.’ शहराचं नाव बदललं तेव्हा गावभर चर्चा, आणि यांना एकच काळजी, आक्काला कळवलं पाहिजे, नाहीतर बाई जुन्या पत्त्यावर शोधत बसेल. दिवाळीला तिला फराळाचं पार्सल गेलं, त्यात चिवडा, करंज्या आणि दगड घासायला म्हणून नारळाच्या शेंड्यांचं एक गाठोडं. आक्काचा मेल आला. चिवडा फार आवडला. पण तो गाठोड्यातला केसाळ पदार्थ कशाबरोबर खायचा?

काकू या सगळ्याला वैतागलेल्या. "नदीचं मूळ आन ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतेत," असं त्या भाकरी थापता थापता ऐकवायच्या. काका शांतपणे म्हणायचे, "साहेब कुठं ऋषी आहे?"

वैतागायला कारणही होतं. काकांनी साहेबाची वंशावळ कागदावर नव्हे, जिन्याच्या भिंतीवर काढली होती. ऑइलपेंटनं. खाली पहिल्या पायरीशी साहेब, वर जावं तसे आजे, पणजे, खापरपणजे. माझ्या खोलीच्या दाराशी पोहोचेपर्यंत मी शेकडो वर्षं मागं गेलेली असायचे. जिना चढताना पिशवी भिंतीला लागू द्यायची नाही अशी ताकीद होती. सिलिंडरवाल्यानं एकदा साहेबाची पणजी खरवडली तर काकांनी त्याला उभं करून त्याच्या पणजीचं नाव विचारलं. त्याला आलं नाही. मग त्याला चहा पाजला आणि सांगितलं, गावाकडं गेलास की विचारून ये.

आता त्या भिंतीतली मेख सांगते, कारण पुढचं सगळं तिथनंच आहे. आक्कानं कळवलं होतं, की त्या नावाची दोन पोरं त्या काळात तिकडं जन्मली. एक त्याच गावचा. घरचे लोक मेंढरं पाळणारे, शेती करून खाऊनपिऊन सुखी. दुसरा शेजारच्या गावचा, बड्या घरचा. त्या घराण्याचं चिन्ह म्हणून एक ढाल, तिच्यावर ओकच्या झाडाची पानं. पानं बघून काका उडालेच. आमच्याकडं लग्नाच्या आधी देवक बसवतात, कुळाची खूण म्हणून कुठल्यातरी झाडाची पानं पुजतात. ‘देवकच की हे! इंग्रजाला बी देवक असतंय.’ झालं, तोच साहेब म्हणून भिंतीवर चढला. पहिला दगडावरच्याच गावचा असूनही त्याचा तर त्यांनी विचारच केला नाही. का, तर त्याच्या आईचं माहेरचं आडनाव आणि सासरचं आडनाव एकच लिहिलेलं होतं.

आमच्याकडं मामाची मुलगी केलेली चालते, आत्याचा मुलगा चालतो. पण एक आडनाव म्हणजे एक कूळ, आणि एक कूळ म्हणजे भाऊबहीण. मग गावं शंभर कोसांवर का असेनात. काकांनी ठरवून टाकलं, तिकडच्या कारकुनाचा घोटाळा आहे, बाईचं सासरचं आडनाव दोनदा लिहिलं, असल्या नोंदीवर भरवसा कसला. मी म्हटलं, काका, त्यांच्यात होत असेल तसं लग्न.

"मॅडम, माणसं हायेत ती," काका म्हणाले. "जनावरं नाय."

आत पोळ्या लाटत असलेल्या ताईचं लाटणं थांबलं. मला ऐकू आलं, काकांनाही आलं असणार.

ताई म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. वाळूजला एका कंपनीत इंजिनिअर, शिफ्टच्या बसनं जायची यायची. माझ्याच वयाची, तिशी ओलांडलेली. तिथं तिच्याबरोबर काम करणारा एक मुलगा होता, पाचोडचा. चांगला, शांत, ताईच्या बडबडीला पुरून उरणारा. दोघांचं जमलेलं. अडचण एकच. त्याचंही आडनाव तेच, काकांचं. दोन्ही घराण्यांचा आपसात कुठं संबंध आहे का, हे काकांनी पार निजामाच्या काळापर्यंत शोधलं. त्यांनाही सापडला नाही, आणि त्यांना सापडला नाही म्हणजे नव्हताच. तरी त्यांचं म्हणणं एकच, की भावाशी लगीन लावू व्हय?

ताई म्हणाली, पळून जाणार नाही. दुसऱ्याशी करणार नाही. तुम्ही हो म्हणाल तेव्हा करीन, नाही म्हणालात तर अशीच राहीन. एवढं बोलून तिनं बापाशी बोलणं बंद केलं. बापानंही. मग सगळं काकूंमार्फत. ‘बापाला सांग, बीपीची गोळी घ्या.’ ‘लेकीला सांग, बस चुकंल.’ एकाच खोलीत, तीन हातांच्या अंतरावर बसून. काकू बिचाऱ्या मधल्या मधे टपाल वाहायच्या आणि रात्री माझ्याजवळ येऊन रडायच्या, की हा माणूस जिल्ह्याच्या पोरी उजवतो आणि माझी एकटी घरात वाळतीय.

एकदा सोयरिकीला आलेल्या एका शहाण्या पाहुण्यानं निघताना विचारलंच, आमचं जुळवलं, घरचं कवा? काकांनी बशीतला चहा संपवला, बशी पुसली आणि पाहुण्याला पोचवायला फाटकापर्यंत गेले. मला त्या दिवशी त्यांचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. माणूस वाईट असता तर भांडून मोकळं झाले असते. हा माणूस लेकीची बस दिसेनाशी होईपर्यंत गच्चीवर उभा राहायचा आणि खाली येऊन तिच्याशी अवाक्षर बोलायचा नाही.

एका रविवारी संध्याकाळी आक्काचा व्हिडिओ कॉल आला. आमच्याकडं दिवेलागण, तिकडं भर दुपार. फोन लावणं, धरणं हे ताईचं काम, कारण काकांच्या हातात फोन हलायचा. साहेबापुरता अबोला शिथिल असायचा. पडद्यावर आक्का, डोक्याला लाल लोकरी टोपी, आजूबाजूला थडगी, आणि हातात आमच्या घरची नारळाची शेंडी. ती म्हणाली, तुमच्या पद्धतीनं मी इथले दगड घासायला घेतलेत, हळूहळू, अक्षराच्या अंगानं. आणि बघा काय निघालं.

तिनं फोन एका दगडावर धरला. नवराबायकोचा एकच दगड. खालचा भाग इतकी वर्षं शेवाळाखाली होता. मी मोठ्यानं वाचायला लागले. त्यांचा मुलगा, त्याचं नाव, आणि पुढं: दख्खनमध्ये औरंगाबाद इथं वारला. आमच्या शहराचं जुनं नाव, चुकीच्या अक्षरांत, पण तेच.

"परत वाचा," काका म्हणाले.

मी परत वाचलं. त्यांनी फोनला हात जोडले. काकूंना हाक मारली, त्या पीठभरल्या हातानं आल्या. काकांचे डोळे वाहायला लागले होते आणि ते पुसतही नव्हते. बापाचं नाव काय, विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी साहेबाचं नाव, मधे बापाचं नाव आणि शेवटी आडनाव असं आपल्या पद्धतीनं पूर्ण म्हणून बघितलं. आपण दुसराच माणूस भिंतीवर चढवला, साहेब मेंढरंवाल्यांचा निघाला, ढालही गेली आणि पानंही गेली, याचं त्यांना काहीच वाटलं नाही. भिंत काय, पुसता येते. पेनाचं टोपण काढून त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, जो विचारणारच होते. "आईचं माहेर कुठलं? मामा कोण?"

मी आक्काला विचारलं. ती हसत म्हणाली, माहेर सासर एकच. दोन सख्ख्या भावांची मुलं ती, घराची भिंतसुद्धा एक.

इंग्रजीचं मराठी करायला मला कधी वेळ लागत नाही. त्या दिवशी लागला. मी ताईकडं बघितलं. ती फोन घट्ट धरून समोर बघत होती.

"काका, ते चुलत भाऊबहीण होते," मी म्हटलं. "सख्खे चुलत."

"नीट इचारा."

मी पुन्हा विचारलं. आक्का म्हणाली, हो हो, नक्की. ताईनं फोन माझ्या हातात दिला आणि आत जाऊन कुकर लावला. तिच्या जागी मी असते तर ढोल बडवला असता.

दुसऱ्या दिवशी काकांनी चुना आणला आणि या वयात शिडीवर चढून जिन्याची भिंत स्वतः पांढरी केली. साहेबापासून वरपर्यंत सगळे गेले. भिंत पुसणं समजण्यासारखं होतं, माणसं चुकीचीच होती. पण खरी माणसं तिथं आली नाहीत. रंगाचा डबा माळ्यावर गेला. फिरायला जाणं बंद. टीव्हीवर इंग्लंडची बॅटिंग लागली तर चॅनल बदललं. ‘यानं कूळ बुडवलं,’ एवढंच एकदा काकूंना म्हणाले. दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसावर इतका रागावलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

चाचा दोनतीन दिवस वाट बघून गुडघे धरत घरीच आले. काकांनी त्यांना ओट्यावर बसवलं आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं, एखाद्या घरातली लाजिरवाणी गोष्ट सांगावी तसं. चाचा म्हणाले, "मेरी घरवाली मेरे चच्चा की बेटी है. बरसों से उसके हात की चाय पी रै तुम. अब क्या थूकते?"

काका चपापले. म्हणाले, तुमचं वेगळं.

"हमारा अलग, साहब का अलग," चाचा काठी घेऊन उठत म्हणाले. "सबका अलग है, तो इत्ते दिन किसके बाप को ढूंड रै थे, मियाँ?"

चाचा गेले. काकूंनी चहा आणला तो काकांनी तसाच ठेवला.

पुढच्या रविवारी ताई माझ्या दारात आली. हातात पाण्याची बाटली, खराटा आणि शेंडी. ‘चल,’ म्हणाली. आम्ही दोघी कब्रस्तानात गेलो. साहेबाच्या दगडावर पाखरांनी घाण केलेली, पालापाचोळा साचलेला. ताई ओढणी खोचून घासायला बसली. कंपनीत मशिनी चालवणारी बाई, तिचा हात जोराचा. मी झाडत होते. फाटक वाजलं म्हणून बघितलं तर काका. घरात शेंडी दिसली नाही म्हणून निघाले असतील. आत आले नाहीत, फाटकाला धरून उभे राहिले. पण ताई आडवीतिडवी घासतेय हे त्यांना बघवेना.

"तसं नाय," तिथनंच म्हणाले. "अक्षराच्या अंगानं."

किती महिन्यांनी बाप लेकीशी सरळ बोलत होता. ताईनं मान वर केली नाही, पण हात हळू केला. म्हणाली, "आठवडाभर आला नाहीत. त्याचा काय गुन्हा, बाबा?"

काका आत आले. शेजारच्या थडग्याच्या कडेला टेकले, तिच्या हातातली शेंडी घेतली आणि स्वतः घासायला लागले. शिपायांच्या ओळीपर्यंत पोहोचले तेव्हा थांबले.

"याच्या आईबापाला भावकीनं तोडलं असंल का गं?"

"तोडलं असतं तर चर्चच्या आवारात, सगळ्यांच्या मधे जागा दिली असती का?" ताई म्हणाली. "आणि पोराचं नाव कोरलंय त्यांनी. तो कुठं मेला तेसुद्धा."

काकांनी उरलेलं पाणी दगडावर ओतलं. ओल्या दगडावर अक्षरं काळीभोर उठली. मग खराटा उचलून चालायला लागताना त्यांनी ताईला विचारलं, "पाचोडचा बाजार कवा असतो?"

बाजाराच्या दिवशी आम्ही पाचोडला गेलो, काका, काकू आणि मी. मला का, तर शिकलेलं माणूस बरोबर असलं की बरं दिसतं म्हणे. गावात बाजाराची गर्दी, शेरडांचा आवाज, गाडी लांब लावून चालत जावं लागलं. मुलाचा आजा पत्र्याच्या सपरीत बाजेवर बसलेला. खमक्या म्हातारा. पाणी दिलं, चहा दिला आणि मग सरळ सांगितलं, की पोरानं मागंच विचारलं व्हतं, म्याच नाय म्हणलं. म्हणजे इकडं हे आणि तिकडं ते. दोन म्हाताऱ्यांनी आपापल्या ठिकाणी एकच खुंटी ठोकून ठेवलेली.

"पाव्हणं, तुमी तर कुळांचे जाणते," आजा म्हणाला. "येका आडनावात सोयरीक? तुमच्या घरात आजवर झालंय का असं?"

मी काकांकडं बघितलं. आयुष्यभर हाच प्रश्न त्यांनी लोकांना विचारलेला. काकूंनी पदर तोंडाशी धरला. मला वाटलं, आता हे उठणार आणि गाडीत जाऊन बसणार.

"झालंय," काका म्हणाले.

काकूंनी पदर सोडला. त्यांना हे नवीनच होतं.

"कुणाचं?"

"आमच्या साहेबाच्या आईबापाचं. सख्खे चुलत व्हते. आन त्यांच्या पोटी असं पोरगं निपजलं, की परक्या मुलखातल्या शिपायांनी पदरचं घालून त्याचा दगड बसवला. आजून हाय छावणीत. म्या सोता घासतो." आणि वर आपलं ठरलेलं वाक्य टाकलं. "खाण तशी माती."

आजानं तंबाखू मळायचा थांबवला. कोण साहेब, कुठला साहेब, काही विचारलं नाही. आमच्या घरचा म्हटलंय म्हणजे घरचाच असणार. त्यानं तो प्रश्न विचारला, जो त्या सपरीत काका सोडून दुसऱ्या कुणाला सुचला नसता.

"मंग त्याचा मामा कोण?"

काका बाजेवर त्याच्याजवळ सरकले. पुढं काय झालं ते बघायला हवं होतं. दोघांनी सुपातली ज्वारी भुईवर पसरली आणि बोटानं साहेबाचं सगळं गणगोत त्यात काढायला घेतलं. आईचा भाऊ तो मामा, पण तोच बापाचा चुलत भाऊ, म्हणजे तोच चुलता. ‘म्हंजी मामा आन चुलता येकच!’ आजाला हसता हसता ठसका लागला. ‘लग्नात आहेर दोनदा करावा लागला असंल बिचाऱ्याला!’ बाहेर बाजार उठला, उन्हं कलली, तरी यांचं मिटेना. शेवटी काकूंनीच उठून आत जाऊन साखर मागितली आणि दोघांच्या तोंडात घातली. ज्वारी तशीच पसरलेली होती. काकू म्हणाल्या, आता ती गोळा करा, मगच सोयरीक पक्की.

मी आता जालन्याला असते. ताईला मुलगी झाली आणि काकांनी तिला कडेवर घेऊन तिच्या मामाची चौकशी केली, मामा नाही हे आठवून मग स्वतःच हसले, असं काकूंनी फोनवर सांगितलं. जिन्याच्या भिंतीवर मेंढरंवाले आलेत. माझ्या जुन्या खोलीपर्यंत अजून पोहोचले नाहीत, पण आक्काचा हात चालू आहे.

लग्नाच्या पत्रिका आल्या त्या दिवशी मात्र मी तिथंच होते. पहिली कुलदैवताची ठेवली. दुसरी कुणाची, म्हणून पाहुण्यांत कुजबुज चाललेली, तर काका ती खिशात घालून निघाले, पाण्याची बाटली घेऊन. मीही गेले. चाचा कट्ट्यावर आधीच बसलेले. फाटकातून आत शिरताना काकांनी त्या दिवशी ‘एकटेच का’ असं विचारलं नाही. दगडावर पाणी मारलं, शेंडी फिरवली, हळदकुंकवाची बोटं लावलेली पत्रिका ठेवली, वर अक्षता ठेवल्या. मग साहेबाचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, आडनाव घेतलं, आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, लेकीचं लगीन हाय. आईबापाला घेऊन यायचं."